वहिवाट आणि लेख : सॉफ्टवेअरच्या बिल्ड-पाइपलाइनचे लेखीकरण

१

कोणत्याही व्यवसायाचे ज्ञान दोन ठिकाणी राहते. काही ज्ञान लेखात असते. ते वाचता येते, तपासता येते आणि लिहिणाऱ्याच्या पश्चातही टिकते. उरलेले ज्ञान वहिवाटीत असते. ते करणाऱ्याच्या हातात आणि स्मरणात राहते व बहुधा त्याच्याबरोबरच जाते. सॉफ्टवेअरचा व्यवसाय वरवर पाहता सर्वस्वी लेखाचा दिसतो, कारण त्यातील निर्मितीच मुळी लेखनाने होते. असे असूनही या व्यवसायाचे एक महत्त्वाचे अंग, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार करून तो वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम, कित्येक दशके मुख्यतः वहिवाटीवर चालत आले. ते लेखाच्या कक्षेत कोणत्या क्रमाने आले आणि तसे आल्याने काय साधले व काय साधले नाही, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे इष्ट होईल. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम म्हणजे मूळ कोड. तो शेकडो, क्वचित हजारो फायलींत विभागलेला असतो. या फायली कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घेणे व त्यांचे तुकडे एकत्र जोडणे या क्रियेस ‘बिल्ड’ म्हणतात. बिल्ड झालेला प्रोग्रॅम चाचण्यांतून पार पडल्यावर ज्या यंत्रांवर तो प्रत्यक्ष चालावयाचा त्या यंत्रांवर बसविणे म्हणजे ‘डिप्लॉयमेंट’. बिल्ड, चाचणी, डिप्लॉयमेंट या पायऱ्यांची जी अखंड मालिका यंत्राकडून आपोआप पार पाडली जाते तिला ‘पाइपलाइन’ हे नाव पडले आहे. मूळ कोड व त्यातील प्रत्येक बदलाची नोंद जेथे राहते त्या ‘रिपॉझिटरी’ला दफ्तर म्हणावयास हरकत नाही. पाइपलाइनचे वर्णन एका मजकूर-फाइलीत लिहून ती फाइल मूळ कोडबरोबर त्याच दफ्तरात ठेवणे, या प्रथेस ‘पाइपलाइन ॲज कोड’ असे म्हणतात.

ही प्रथा आज इतकी रुळलेली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती २०११ ते २०१९ या अल्प कालखंडात सार्वत्रिक झाली. तिच्यामागे मात्र चाळीस वर्षांची पूर्वपीठिका आहे.

२

या पूर्वपीठिकेचा आरंभ अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत झाला. मूळ कोडमधील बदलांची पद्धतशीर नोंद ठेवणारी ‘एससीसीएस’ ही प्रणाली मार्क रॉकाइंड यांनी तेथेच १९७२ मध्ये तयार केली होती. कोणती ओळ केव्हा व कोणी बदलली, हे त्यामुळे सांगता येऊ लागले. परंतु त्या ओळींपासून प्रोग्रॅम कसा बनवावयाचा, हे तिच्यात नव्हते. ते प्रोग्रॅमरच्या बोटांत होते. कोणती फाइल बदलली, तिच्यावर कोणत्या इतर फायली अवलंबून आहेत आणि म्हणून काय काय पुन्हा कंपाइल करावयास हवे, हा हिशेब तो मनाशी करी व त्याप्रमाणे आज्ञा टंकित करी.

हा हिशेब चुकण्याचा प्रसंग पुढील इतिहासास कारण झाला. ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांनी एका प्रोग्रॅममधील दोष शोधण्यात सारी सकाळ घालविली. दोष वास्तविक आधीच दुरुस्त झालेला होता. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करावयाची तेवढी राहून गेली होती. लेख शुद्ध होता, कृती अपुरी होती, आणि शोध मात्र लेखात चालला होता. जॉन्सन यांनी हा वैताग आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्यापाशी बोलून दाखविला. फेल्डमन यांना स्वतःलाही असाच अनुभव येऊन गेला होता. त्यातून १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन जन्मास आले.

मेकची कल्पना साधी आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत प्रत्येक इष्ट वस्तूविषयी तीन गोष्टी लिहावयाच्या : वस्तू कोणती, ती कशावर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञांनी तयार होते. मेक हे साधन फायलींच्या अखेरच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते व आधाराची फाइल नवी आणि तयार वस्तू जुनी असे आढळल्यास तेवढाच भाग पुन्हा बनविते. बिल्डचे ज्ञान येथे प्रथमच व्यवस्थितपणे स्मरणातून काढून लेखात ठेवले गेले. या कार्याबद्दल फेल्डमन यांना २००३ मध्ये एसीएम या संस्थेचे सॉफ्टवेअर सिस्टिम पारितोषिक देण्यात आले.

मेकच्या जन्मकथेत आणखी एक लहान प्रकरण आहे आणि त्याचा संबंध पुढील विवेचनाशी येतो. मेकफाइलीत आज्ञेची ओळ ‘टॅब’ या अदृश्य चिन्हाने सुरू व्हावी लागते. तेथे साध्या मोकळ्या जागा चालत नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्याने या नियमाने नवशिक्यांच्या कित्येक पिढ्यांना छळले आहे. फेल्डमन यांना ही अडचण लवकरच कळली होती. परंतु तोवर मेक वापरणारी सुमारे डझनभर मंडळी झाली होती. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून त्यांनी नियम बदलला नाही. डझनभर मित्रांसाठी राखलेला हा नियम पुढे लक्षावधी लोकांना पाळावा लागला. वहिवाट लेखात उतरली म्हणजे तिच्यातील गुणांप्रमाणे तिच्यातील आडमुठेपणाही कायम होतो, याचे हे पहिले उदाहरण होय.

मेकची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. प्रोग्रॅम कसा बनतो हे मेकफाइलीने सांगितले. तो कोणी बनवावयाचा, केव्हा, कोणत्या यंत्रावर, त्याची परीक्षा कोणी घ्यावयाची आणि उत्तीर्ण झालेला प्रोग्रॅम कोठे नेऊन बसवावयाचा, या प्रश्नांना तिच्यात स्थान नव्हते. मेकफाइल दफ्तरात शिरली. तिच्या पुढची वाट दफ्तराबाहेरच राहिली.

३

ती वाट रुंद होण्याचे कारण सॉफ्टवेअरचा वाढता आकार हे होय. एका प्रोग्रॅमवर एक-दोन माणसे काम करीत होती तोवर बिल्ड ही खाजगी बाब होती. शेकडो माणसे एकाच मूळ कोडमध्ये भर घालू लागली तेव्हा ती सार्वजनिक बाब झाली. प्रत्येकाचा तुकडा त्याच्या स्वतःच्या यंत्रावर चाले. सर्वांचे तुकडे एकत्र आणले की काहीच चालेनासे होई. हे एकत्रीकरण जितके लांबवावे तितके ते अवघड होई, आणि व्यवहारात तर ते अखेरच्या महिन्यांपर्यंत लांबविण्याचीच चाल होती.

यावर मायक्रोसॉफ्टने अनुसरलेला उपाय म्हणजे रोजचे बिल्ड. १९९३ मध्ये बाहेर पडलेल्या विंडोज एनटीचा मूळ कोड सुमारे ५६ लक्ष ओळींचा असून तो ४०,००० फायलींत पसरलेला होता आणि त्याच्या संपूर्ण बिल्डला अनेक यंत्रांवर मिळून १९ तासांपर्यंत वेळ लागे, असे स्टीव्ह मॅकॉनेल यांनी १९९६ मध्ये नमूद केले आहे. तरीही ते बिल्ड प्रत्यही होई. यासाठी स्वतंत्र माणसे नेमलेली असत. ही पद्धत शिस्तीची असली तरी तिची भिस्त अखेर माणसांवर होती.

याच दशकाच्या उत्तरार्धात केंट बेक व त्यांचे सहकारी यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ या नावाने जी कार्यपद्धती मांडली तिच्यात हा उपाय अधिक टोकास नेला गेला. दिवसातून एकदा नव्हे, तर दिवसातून अनेकदा प्रत्येकाने आपले काम मुख्य प्रवाहात मिसळावे व प्रत्येक वेळी पूर्ण बिल्ड आणि चाचण्या व्हाव्यात, असा हा दंडक होता. मार्टिन फाउलर व मॅथ्यू फोमेल यांनी सप्टेंबर २००० मध्ये ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ या शीर्षकाचा लेख लिहून या प्रथेस सुस्पष्ट रूप दिले. पुढच्याच वर्षी थॉटवर्क्स या कंपनीतून ‘क्रूझकंट्रोल’ हे साधन बाहेर पडले. ते दफ्तरावर सतत लक्ष ठेवी व नवा बदल दिसताच बिल्ड सुरू करी. रात्रपाळीच्या माणसाची जागा सर्व्हरने घेतली.

या वर्गातील सर्वांत प्रभावी साधन मात्र ‘हडसन’ हे ठरले. सन मायक्रोसिस्टिम्समधील अभियंते कोह्सुके कावागुची यांनी २००४ मध्ये ते लिहावयास घेतले आणि २००५ मध्ये ते सर्वांना खुले केले. ओरॅकलने २०१० मध्ये सन कंपनी घेतल्यानंतर नावाच्या हक्कावरून वाद उद्भवला, आणि जानेवारी २०११ मध्ये विकसकांच्या समुदायाने ‘जेन्किन्स’ हे नवे नाव धारण करून आपला मार्ग वेगळा केला. हडसनची लोकप्रियता त्याच्या सुलभतेत होती. क्रूझकंट्रोलसाठी एक्सएमएल भाषेत सूचना लिहाव्या लागत. हडसनमध्ये पडद्यावरील तक्ता भरला, खुणा केल्या व बटण दाबले की काम होई.

४

येथे या इतिहासातील महत्त्वाचा विरोधाभास उत्पन्न होतो. हडसनने काम यंत्राकडे सोपविले, परंतु त्या कामाचे ज्ञान लेखात आणले नाही. पडद्यावरील तक्त्यात भरलेली माहिती सर्व्हरच्या पोटातील फायलींत साठे. मूळ कोडच्या दफ्तराशी तिचा संबंध नसे. कोणी एखादी खूण काढली किंवा एखादी आज्ञा बदलली तर त्याची नोंद दफ्तरात होत नसे आणि तो बदल अमलात येण्यापूर्वी कोणी तो वाचीतही नसे. सहा महिन्यांपूर्वीचा मूळ कोड दफ्तरातून काढता येई. त्या वेळचे बिल्ड कसे होत होते, हे मात्र काढता येत नसे. जो माणूस हा सर्व्हर सांभाळी त्याच्यावाचून कोणाचे पान हलत नसे.

सारांश, वहिवाट नाहीशी झाली नव्हती. ती माणसाच्या स्मरणातून यंत्राच्या स्मरणात गेली होती. हा बदल कमी महत्त्वाचा नाही, कारण यंत्र कंटाळत नाही व विसरत नाही. पण वाचता येत नाही ते तपासताही येत नाही, हा मूळ दोष कायम राहिला. शिवाय डिप्लॉयमेंटचे काम बहुतेक ठिकाणी या यंत्राच्याही बाहेर, प्रत्यक्ष हातांनीच चालत असे. त्याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात दिसून आले.

नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर-व्यवहार करणारी एक मोठी पेढी होती. तिचे खरेदी-विक्रीचे आदेश पाठविणारे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरांवर चाले. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना त्या दिवशी सुरू व्हावयाची असल्याने आदल्या काही दिवसांत नवा कोड या सर्व्हरांवर बसविण्यात आला. हे काम करणाऱ्या तंत्रज्ञाने तो सात सर्व्हरांवर बसविला. आठवा राहून गेला. नव्या कोडमध्ये एका जुन्या खुणेला नवा अर्थ दिलेला होता. आठव्या सर्व्हरवर मात्र २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड अद्याप शिल्लक होता आणि ती खूण मिळताच तो जागा झाला. बाजार उघडताच आठवा सर्व्हर थांबण्याची मर्यादा न पाळता आदेशांमागून आदेश पाठवीत सुटला. बाजार उघडण्यापूर्वी दोषाकडे निर्देश करणारे ९७ ई-मेल संदेश पेढीच्या प्रणालीने आपोआप धाडले होते; पण ते इशारे म्हणून पाहण्याची पद्धत नसल्याने त्यांवर कार्यवाही झाली नाही. गोंधळात नवा कोडच सदोष असावा असे मानून तो उरलेल्या सात सर्व्हरांवरून काढून टाकण्यात आला, तेव्हा त्या सातांवरही जुना कोड जागा होऊन अनर्थ वाढला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लक्षांहून अधिक सौदे झाले आणि पेढीस ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. पुढील वर्षी ती दुसऱ्या पेढीत विलीन झाली.

अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात या घटनेची मीमांसा आहे. त्यातील एक बाब येथे विशेष लक्षणीय आहे. डिप्लॉयमेंट झाल्यावर दुसऱ्या तंत्रज्ञाने ते तपासले नाही, आणि तसे तपासावे असे सांगणारी लेखी कार्यपद्धतीच पेढीत नव्हती, असे आयोगाने म्हटले आहे. एका माणसाच्या नजरचुकीपेक्षा ती नजरचूक दिसू शकेल असा कोणताही लेख अस्तित्वात नसणे, ही अधिक खोल उणीव होती. लेखी पाइपलाइन असती तर सारे टळले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मृत कोड तसाच ठेवणे व जुन्या खुणेचा नवा उपयोग करणे हे दोष तिने दूर झाले नसते. परंतु आठांपैकी एक सर्व्हर सुटणे ही गोष्ट, आठही नावे ज्यात लिहिलेली आहेत अशा पाइपलाइनच्या नोंदीत लपून राहणे कठीण होते.

५

लेखीकरणाची वैचारिक तयारी या घटनेच्या आधीच झालेली होती. यंत्रांची स्थिती हाताने न राखता तिचे वर्णन लिहावे व यंत्राने स्वतःस त्या वर्णनाशी जुळवून घ्यावे, ही कल्पना मार्क बर्जेस यांनी ऑस्लो येथे १९९३ मध्ये ‘सीएफएंजिन’ या साधनाद्वारे अमलात आणली होती. २००५ मध्ये ‘पपेट’ व २००९ मध्ये ‘शेफ’ या साधनांनी तिचा प्रसार केला. जेझ हंबल व डेव्हिड फार्ली यांच्या २०१० मधील ‘कंटिन्युअस डिलिव्हरी’ या ग्रंथाने पाइपलाइनची संकल्पना विस्ताराने मांडली. प्रोग्रॅम उभा करण्यास जे जे लागते ते सर्व दफ्तरात असावे, हे त्यातील एक प्रमुख सूत्र आहे.

या सूत्रास पाइपलाइनपुरते प्रत्यक्ष व लोकप्रिय रूप देण्याचे श्रेय ‘ट्रॅव्हिस सीआय’ या सेवेस बऱ्याच अंशी द्यावे लागते. ती बर्लिनमध्ये सुरू झाली आणि २०११ पासून प्रसार पावली. तिच्यात भरावयाचे लांब तक्ते नव्हते. दफ्तराच्या मुळाशी एक लहानशी फाइल ठेवावयाची. तिच्यात भाषा कोणती, तिची कोणती आवृत्ती, चाचणीची आज्ञा काय, एवढे लिहावयाचे. उरलेले काम सेवा करी. अनेक प्रकल्पांत ही फाइल दहा ओळींचीही नसे. परंतु या दहा ओळी मूळ कोडच्या शेजारी बसल्याने त्यांना मूळ कोडचे सर्व संस्कार आपोआप लाभले.

पुढील टप्पे लवकर आले. गिटलॅबने २०१५ मध्ये हीच रीत स्वीकारली. सर्वांत अर्थपूर्ण बदल मात्र जेन्किन्समध्ये झाला, कारण तक्ते भरण्याची रीत ज्या साधनाने रूढ केली त्यानेच आता लेखाचा स्वीकार केला. २०१४ च्या अखेरीस ‘वर्कफ्लो’ नावाने आलेले व पुढे ‘पाइपलाइन’ म्हणून ओळखले गेलेले त्याचे जोडसाधन एप्रिल २०१६ मधील जेन्किन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत केंद्रस्थानी आले, आणि ‘जेन्किन्सफाइल’ दफ्तरात दाखल झाली. गिटहब या दफ्तरसेवेने ‘ॲक्शन्स’ ही आपली पाइपलाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांस उपलब्ध केली, तेव्हा लेखी पाइपलाइन ही नवी गोष्ट राहिली नव्हती. ती रूढी झाली होती.

या बदलाचे फलित चार प्रकारचे आहे. पहिले, पाइपलाइनला इतिहास प्राप्त झाला. अमुक चाचणी केव्हा व कोणी वगळली, आणि वगळताना कोणते कारण नोंदविले, हे आता पाहता येते. दुसरे, बदल अमलात येण्यापूर्वी तो दुसऱ्याने वाचण्याची सोय झाली. नाइट कॅपिटलमध्ये जो दुसरा तंत्रज्ञ नव्हता त्याला येथे रीतसर आसन मिळाले. तिसरे, कोडच्या प्रत्येक शाखेबरोबर तिची स्वतःची पाइपलाइन राहू लागली. म्हणून जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करणाऱ्यास जुन्या काळची बिल्डची रीत शोधीत हिंडावे लागेनासे झाले. चौथे, बिल्ड करणारा सर्व्हर अमोल राहिला नाही. तो जळाला तरी दुसरा उभा करून त्याच्यापुढे तीच फाइल ठेवता येते.

यांखेरीज एक परिणाम सामाजिक स्वरूपाचा आहे. पूर्वी प्रोग्रॅम लिहिणारे आणि यंत्रे सांभाळणारे असे दोन वर्ग होते व त्यांच्यात एक भिंत होती. लेखी पाइपलाइनमुळे सांभाळणाऱ्याचे अलिखित ज्ञान लिहिणाऱ्याच्या अंगणात आले. ज्ञानाबरोबर अधिकारही आला, आणि अधिकाराबरोबर एक नवे भय आले. पाइपलाइनच्या हाती चालत्या यंत्रांच्या किल्ल्या असतात. म्हणून जो तिचा मजकूर बदलू शकतो तो त्या किल्ल्यांपर्यंत पोहोचू शकतो.

६

लेखाचे सामर्थ्य सांगितल्यावर त्याच्या मर्यादा सांगणे हे इतिहासकाराचे कर्तव्यच ठरते. पहिली मर्यादा भाषेची आहे. यांपैकी बऱ्याच साधनांनी पाइपलाइन लिहिण्यासाठी २००१ पासून प्रचारात आलेली ‘यामल’ ही भाषा निवडली. तिच्यात अर्थ ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागांवर अवलंबून असतो, आणि अवतरणचिन्हांवाचून लिहिलेल्या शब्दाची जात ती स्वतःच ठरविते. परिणामी पायथन भाषेची ३.१० ही आवृत्ती लिहिली असता ती अपूर्णांक समजून ३.१ अशी वाचली जाते. तसेच तिच्या जुन्या नियमांनुसार नॉर्वे देशाची ‘एनओ’ ही दोन अक्षरी खूण ‘नाही’ या अर्थी घेतली जाते. मेकच्या अदृश्य टॅबचा वारसा अशा रीतीने पुढे चालू राहिला.

दुसरी मर्यादा आश्रयाची आहे. प्रत्येक सेवेची फाइल त्या सेवेलाच समजते. ट्रॅव्हिस सीआय ही सेवा २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि खुल्या प्रकल्पांसाठी चालणारे तिचे मूळ विनामूल्य ठाणे २०२१ मध्ये बंद झाले, तेव्हा असंख्य दफ्तरांत तिच्या फायली जशाच्या तशा पडून राहिल्या. लेख टिकला, पण तो वाचणारा गेला. मोडी अक्षरांतील कागद हाती असून वाचक नसल्यास दफ्तराची जी अवस्था होते तीच ही होय.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर असून ती विश्वासाची आहे. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात असे दाखवून दिले होते, की मूळ कोड कितीही निर्दोष असला तरी त्याला यंत्रभाषेत उतरविणारा कंपायलर दूषित असेल तर बनलेला प्रोग्रॅम दूषितच निघेल, आणि मूळ कोड वाचून ते कळणार नाही. ही दीर्घकाळ एक तात्त्विक शंका मानली गेली. ती व्यवहारात उतरल्याचे डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले. सोलरविंड्स या अमेरिकन कंपनीच्या बिल्ड-सर्व्हरमध्ये शिरलेल्या घुसखोरांनी असा प्रोग्रॅम ठेवला होता, की तो बिल्ड सुरू होताच एक मूळ फाइल बदली व काम आटोपताच पूर्वीची फाइल जागेवर ठेवी. दफ्तरात काहीही बदललेले नव्हते. कंपनीच्या खऱ्या स्वाक्षरीनिशी ही दूषित आवृत्ती १८,००० पर्यंत ग्राहकांकडे गेली, आणि त्यांत अमेरिकेची अनेक सरकारी खाती होती.

मार्च २०२४ मधील ‘एक्सझेड’ प्रकरण याहून सूक्ष्म आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रणालींत असलेल्या या लहान साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याच्या एका सहव्यवस्थापकाने गुप्त दार ठेवले होते. त्याचा दूषित भाग चाचणीच्या फायलींत दडविलेला होता व त्या फायली दफ्तरात होत्या. पण त्या भागास बिल्डच्या वेळी जागे करणारा मजकूर दफ्तरात नव्हता. तो केवळ वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. दफ्तर व गठ्ठा एकच असणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्ध्या सेकंदाचा अधिक विलंब होतो असे आढळले. त्याने त्याचा पाठपुरावा केला म्हणून हे उघडकीस आले. पाइपलाइनमधील जी एक पायरी लेखाबाहेर, एका माणसाच्या हाती राहिली होती नेमकी तीच घुसखोरीची जागा ठरली.

याउलट मार्च २०२५ मध्ये दिसले की, लेखही स्वतः फसवू शकतो. गिटहब ॲक्शन्सच्या फायलींत इतरांनी लिहिलेल्या पायऱ्या त्यांच्या आवृत्तीच्या नावाने बोलाविता येतात. २३,००० हून अधिक दफ्तरांत वापरात असलेल्या अशा एका पायरीची आवृत्ती-नावे घुसखोराने दूषित कोडकडे वळविली. कोणाच्याही फाइलीतील एक अक्षर बदलले नव्हते, पण त्या अक्षरांचा अर्थ बदलला होता, आणि पाइपलाइनमधील गुप्त किल्ल्या तिच्या नोंदींत उमटू लागल्या. नावाऐवजी मजकुरापासून काढलेली, म्हणून न बदलणारी खूण लिहावी, ही सूचना पूर्वीपासून होती. तिचे महत्त्व या प्रसंगाने पटले.

या संकटांवरील उपायांची दिशाही लेखाचीच आहे. डेबियन प्रकल्पात २०१३ पासून नेटाने चाललेल्या ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’ या उपक्रमाचा हेतू असा, की एकाच मूळ कोडपासून दोन परक्या माणसांनी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे बिल्ड केल्यास निघणारी वस्तू अखेरच्या बिटापर्यंत एकसारखी असावी. हे वाटते तितके सोपे नाही. बिल्डची वेळ, फायलींचा क्रम, यंत्रावरील मार्गाचे नाव, अशा क्षुल्लक गोष्टी तयार वस्तूत झिरपतात व भेद उत्पन्न करतात. हे भेद दूर झाले म्हणजे बनविणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याची गरज राहत नाही. दोन प्रती ताडून पाहता येतात. हस्तलिखितांच्या संशोधकास हा मार्ग अपरिचित वाटू नये.

७

उपरिनिर्दिष्ट घटनाक्रमावरून काढता येणारा निष्कर्ष मर्यादित पण स्पष्ट आहे. १९७६ पासून २०१९ पर्यंतचा प्रवास सामान्यतः स्वयंचलनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु स्वयंचलन व लेखीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हडसनच्या काळाने हे सिद्ध केले की, पहिली दुसरीवाचून पूर्ण प्रस्थापित होऊ शकते. माणसाचे श्रम यंत्राकडे गेल्याने चूक वेगाने होऊ लागते, इतकेच. ती चूक दिसावी, तिला तारीख असावी, ती करणाऱ्याखेरीज आणखी कोणाच्या नजरेखालून ती जावी, यासाठी लेख हवा.

त्याबरोबर हेही मान्य केले पाहिजे, की लेख हा पुरावा आहे, हमी नव्हे. जॉन्सन यांनी ज्या सकाळी शुद्ध प्रोग्रॅममध्ये दोष शोधण्याचे निष्फळ श्रम केले त्या सकाळी लेख व कृती यांत एका फाइलीचे अंतर पडले होते. सोलरविंड्समध्ये व एक्सझेडमध्ये अंतर तेच होते. फरक इतकाच, की पहिल्या प्रसंगी ते अनवधानाने पडले होते आणि नंतरच्या प्रसंगी कोणी हेतुपुरस्सर पाडले होते. हे अंतर मोजण्याचे साधन प्रत्येक पिढीने थोडे थोडे सुधारले आहे. जेथे मोजणे थांबले व दफ्तरात आहे तेच यंत्रावर आहे असे न पाहता मानले गेले, तेथे वहिवाट पुन्हा शिरली आहे.